मोफत प्रवासमार्गदर्शिकेवरून निसर्गरम्य सहल कशी आखावी : सोलापूर ते बदामी-हंपीचे उदाहरण

सोलापुरातून सुट्टीसाठी बाहेर पडायचे म्हटले की बहुतेक घरांत आधी ठिकाण ठरते, मग तिकिटे निघतात आणि तिथे काय पाहायचे हा प्रश्न गाडीत बसल्यावर मोबाइलवर सोडवला जातो. तुळजापूर, गाणगापूर किंवा तिरुपतीला जाताना हा क्रम चालून जातो, कारण तिथे काय करायचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असते. डोंगर, तळी, नदीकाठ आणि जुनी शिल्पे यांच्यासाठी जायचे असेल तर मात्र ऋतू चुकला, वार चुकला किंवा दिवसाची वेळ चुकली की तेच ठिकाण निम्मेही दिसत नाही. हे सगळे आधी जुळवून पाहण्यासाठी विकतचे जाडजूड पुस्तक लागत नाही. मोफत मिळणारी मार्गदर्शिका पुरते, पण ती ज्या क्रमाने छापलेली असते त्या क्रमाने वाचू नये. प्रेक्षणीय स्थळांची प्रकरणे सर्वांत शेवटी वाचावीत. अंतर, ऋतू आणि पोहोचण्याचे मार्ग यांची पाने आधी वाचावीत, कारण सहल फसते ती बहुधा त्या पानांकडे झालेल्या दुर्लक्षामुळे.

ही पद्धत समजावण्यासाठी पुढे बदामी आणि हंपी या जोडसहलीचे उदाहरण घेतले आहे. सोलापूरकरांसाठी ती सोयीची आहे, कारण सोलापूर-गदग हा सुमारे तीनशे किलोमीटरचा रेल्वेमार्ग विजयपूर, अलमट्टी, बागलकोट आणि बदामी अशी एकेक स्थानके घेत जातो आणि गदगहून कोप्पळमार्गे होसपेटेला, म्हणजे हंपीच्या दारात, पोहोचता येते. मुन्नार, अराकू किंवा आंबोली यांपैकी कुठेही जायचे असले तरी पायऱ्या ह्याच राहतील.

मार्गदर्शिका कोणती घ्यावी

मोफत मार्गदर्शिका मुख्यतः तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा असतो. पहिला प्रकार राज्यांच्या पर्यटन विभागांच्या पुस्तिकांचा. त्या पर्यटन कार्यालयांत छापील स्वरूपात आणि संकेतस्थळांवर पीडीएफ स्वरूपात मिळतात. छायाचित्रे उत्तम, नकाशे ठीक आणि भाषा स्तुतीची असते. कोणतेही ठिकाण त्यांत वाईट नसते, कोणताही महिना चुकीचा नसतो, हे लक्षात ठेवूनच त्या वाचाव्यात. मात्र सरकारी निवासस्थानांची माहिती त्यांत नेमकी सापडते. बदामीचे ‘मयूर चालुक्य’ आणि हंपीजवळच्या कमलापूरचे ‘मयूर भुवनेश्वरी’ ही कर्नाटक पर्यटन महामंडळाची हॉटेले त्याचे उदाहरण आहेत.

दुसरा प्रकार विकिव्हॉयेजचा. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानचाच हा प्रकल्प असून १५ जानेवारी २०१३ रोजी त्याची औपचारिक सुरुवात झाली. मजकूर प्रवाशांनीच लिहिलेला आणि दुरुस्त केलेला असतो, आणि मुक्त परवान्यामुळे तो उतरवून घेण्यास किंवा छापण्यास कोणाची परवानगी लागत नाही. इंग्रजी आवृत्ती सर्वांत भरीव आहे आणि हिंदी आवृत्तीही आहे. प्रत्येक शहराच्या लेखाची रचना सारखी असते : आधी ठिकाणाची ओळख, मग तिथे कसे पोहोचावे, आत कसे फिरावे, काय पाहावे, काय करावे, कुठे खावे, कुठे राहावे, कशापासून जपावे आणि शेवटी तिथून पुढे कुठे जाता येईल. अनेक नोंदींच्या शेवटी ती कोणत्या महिन्यात व वर्षी अद्ययावत झाली तेही दिलेले असते. सहल आखणाऱ्याला लेखातल्या रसाळ वर्णनापेक्षा ही एवढीशी तारीख जास्त कामाची आहे.

तिसरा प्रकार म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळांवरील पर्यटनाची पाने. ती कोरडी असतात, पण अंतरे आणि तालुक्यांची माहिती त्यांवरून पडताळता येते. नावांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. कर्नाटक सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये अनेक शहरांची नावे अधिकृतपणे बदलली आणि २०२१ मध्ये बळ्ळारीतून विजयनगर हा नवा जिल्हा काढला. त्यामुळे जुन्या पुस्तिकेत हॉस्पेट, विजापूर आणि बेल्लारी जिल्हा असेल, तर रेल्वेच्या तिकीटप्रणालीत होसपेटे आणि विजयपूर. शोधताना दोन्ही नावे टाकून पाहावीत.

एक पर्यटन विभागाची पुस्तिका आणि एक विकिव्हॉयेजचा लेख एवढे साहित्य पुरेसे आहे. पाच-सहा स्रोत गोळा केले की वाचन वाढते आणि निर्णय लांबतो. विकिव्हॉयेजचा मजकूर किविक्स नावाच्या मोफत अॅपमध्ये उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही वाचता येतो. तरीही मुख्य लेखाची झेरॉक्स काढावी, असा माझा आग्रह आहे. कागदावर खुणा करता येतात आणि प्रवासात घरातल्या प्रत्येकाला तो हातात घेता येतो. मोबाइल मात्र एकाच माणसाच्या हाती राहतो आणि मग सगळी सहल त्या एकाच माणसाच्या डोक्यात असते.

पुस्तक उघडण्यापूर्वीचा कागद

मार्गदर्शिका आपल्याला ओळखत नाही. तिच्या लेखी वाचक हा पाठीवर पिशवी टाकून एकटा फिरणारा धडधाकट तरुण असतो, निदान विकिव्हॉयेजवर तरी. म्हणून वाचायला बसण्यापूर्वी एका कागदावर आपल्या अटी लिहून काढाव्यात. किती दिवस मिळणार आणि त्यांतले कोणते वार आहेत, बरोबर कोण आहे, गुडघे कोणाचे दुखतात, मुलांची परीक्षा कधी संपते, गाडी स्वतःची की रेल्वे, जेवणात काय चालते आणि काय मुळीच चालत नाही, आणि खर्चाची वरची मर्यादा किती. शेवटी या सहलीत घरातल्या प्रत्येकाला हवी असलेली एकेक गोष्ट लिहावी. आईला बदामीजवळच्या बनशंकरी देवीचे दर्शन हवे असेल, मुलाला दगडांवर चढायचे असेल, कोणाला नुसते तळ्याकाठी बसायचे असेल. ही शेवटची ओळ पुढे ठिकाणे गाळताना फार उपयोगी पडते.

सोलापूरचे आपले असे काही दिवसही याच कागदावर नोंदवावेत. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते आणि त्या काळात घर सोडायला कोणी तयार नसते. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडची गर्दी रस्त्यांवर आणि गाड्यांत जाणवते. दुसऱ्या टोकाला, पौष महिन्यात बनशंकरीची मोठी जत्रा भरते आणि तेव्हा बदामीत खोली मिळणे अवघड होते. बनशंकरी हे ज्यांचे कुलदैवत आहे त्यांनी त्याच दिवसांत जावे, पण त्या फेरीला निवांत सहलीचे नाव देऊ नये.

पहिले वाचन : ऋतू, अंतर आणि वार

आता मार्गदर्शिका घ्यावी आणि हवामान, कसे पोहोचावे, कसे फिरावे व पुढे कुठे जावे एवढेच चार भाग वाचावेत. हातात पेन्सिल असावी.

ऋतूबद्दल पुस्तिका बहुधा ‘ऑक्टोबर ते मार्च’ एवढेच लिहून मोकळ्या होतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बदामी-हंपीचा उन्हाळा आपल्यासारखाच असतो. सोलापूरच्या मे महिन्याला कंटाळून तिथे जाणे म्हणजे एका तव्यावरून दुसऱ्या तव्यावर जाणे. पावसाळ्यात बदामीच्या तांबड्या कड्यांवरून अगस्त्य तीर्थ या तळ्याच्या बाजूला ‘अक्का-तंगी’ नावाचा जोडधबधबा कोसळतो. तो पाऊस असेपर्यंतच दिसतो आणि हिवाळ्यात तिथे कोरडा खडक असतो. हंपीत तुंगभद्रा भरून वाहत असताना धरणातून पाणी सोडले की पुट्टी, म्हणजे वेताच्या गोल होड्या, बंद होतात आणि नदीकाठचा काही भाग पाण्याखाली जातो. हिरवळ, भरलेले तळे आणि सुसह्य ऊन या तिन्हींची गाठ पडावी असे वाटत असेल तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ निवडावा. डिसेंबर-जानेवारीत हवा अधिक चांगली, पण गवत पिवळे पडलेले आणि गर्दी दुप्पट. मला नोव्हेंबर बरा वाटतो.

अंतराच्या भागात प्रत्येक दोन ठिकाणांमधील आकडा अधोरेखित करावा आणि त्यासमोर किलोमीटरऐवजी वेळ लिहावी. बदामी स्थानक गावापासून पाचेक किलोमीटरवर आहे. बदामीहून पट्टदकल सुमारे २२ किलोमीटर आणि तिथून ऐहोळे आणखी १४ च्या आसपास. होसपेटेहून हंपी १३ किलोमीटर. आकडे लहान दिसतात, पण प्रत्येक ठिकाणी उतरणे, तिकीट, चपला काढणे, पाणी आणि मुलांची भूक यांत वेळ जातो. एका अर्ध्या दिवसात एकच ठिकाण, हे माप धरले की वेळापत्रक सहसा कोलमडत नाही.

नकाशावरचे अंतर फसवे कसे असते ते हंपीत चांगले दिसते. विरूपाक्ष मंदिरासमोर नदीच्या पलीकडचा काठ हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ आहे, पण होडी बंद असेल तर बुक्कसागरजवळच्या पुलावरून मोठा वळसा घालूनच तिकडे पोहोचता येते. म्हणून नदी, घाट किंवा तळे असलेल्या कोणत्याही ठिकाणाचा नकाशा पाहताना पूल कुठे आहेत ते आधी शोधावे. मग नकाशावर पेन्सिलने गट पाडावेत : एका काठावरची ठिकाणे एका गटात, दुसऱ्या काठावरची दुसऱ्यात. हंपीत असे तीन गट सहज पडतात. विरूपाक्ष-हेमकूट-विठ्ठल मंदिर हा नदीकाठचा गट, कमलमहाल-गजशाळा-महानवमी दिब्बा हा राजवाड्याकडचा गट आणि आनेगुंदी-अंजनाद्री-सणापूर हा पलीकडचा गट.

वाराचा विचार मार्गदर्शिका क्वचितच करून देते, तो आपणच करावा लागतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची स्थळसंग्रहालये शुक्रवारी बंद असतात. बदामी, ऐहोळे आणि कमलापूर या तिन्ही ठिकाणी ती आहेत. शनिवार-रविवारी हंपीत बंगळुरूकडून येणाऱ्यांची झुंबड असते आणि खोल्यांचे दर चढतात. म्हणजे सोलापूरहून शनिवारी निघावे, शनिवार-रविवार बदामीत काढावा आणि सोमवारी संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, होसपेटे गाठावे. एवढ्या एका फेरबदलाने हंपी निवांत पाहता येते, आणि खर्चही कमी होतो.

शिळी होणारी माहिती वेगळी काढावी

दुसऱ्या वाचनात दोन रंगांच्या पेन वापराव्यात. जी माहिती वर्षानुवर्षे बदलत नाही तिला एक रंग द्यावा : डोंगर कोणत्या दिशेला आहे, किती पायऱ्या आहेत, शिल्प कोणत्या शतकातले आहे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे, हंपीचा जागतिक वारसा यादीत समावेश १९८६ मध्ये आणि पट्टदकलचा १९८७ मध्ये झाला. ही माहिती मार्गदर्शिका दहा वर्षे जुनी असली तरी जशीच्या तशी घेता येते. दुसरा रंग नाशवंत माहितीला : दर, वेळा, दूरध्वनी क्रमांक, बसच्या फेऱ्या, हॉटेले आणि खानावळी. दुसऱ्या रंगाचे एकही वाक्य पडताळल्याशिवाय वेळापत्रकात घालू नये.

याचे हंपीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या प्राचीन बाजारपेठेच्या दगडी मंडपांत एके काळी दुकाने, घरे आणि खाणावळी होत्या. २०११ मध्ये त्या हटवण्यात आल्या. नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डे या बेटावरची अतिथिगृहे तर परदेशी प्रवाशांत प्रसिद्ध होती. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश कायम केल्यानंतर २०२० मध्ये ती पाडण्यात आली. तरीही जुन्या पीडीएफ पुस्तिकांत आणि त्यांवरून उतरवलेल्या मजकुरात ही ठिकाणे ‘नदीकाठी राहण्याची उत्तम सोय’ म्हणून अजून भेटतात. वर्णन जितके मोहक, तितकी त्याखालची तारीख आधी पाहावी.

पडताळणीचा क्रम साधा आहे. गाड्यांसाठी रेल्वेचे अधिकृत संकेतस्थळ, स्मारकांच्या तिकिटांसाठी पुरातत्त्व विभागाचे संकेतस्थळ, बससाठी त्या राज्याचे परिवहन महामंडळ आणि राहण्या-खाण्यासाठी थेट दूरध्वनी. पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, हे खर्चाच्या कागदावर लगेच लिहून टाकावे. हंपीत विठ्ठल मंदिर आणि कमलमहालाचा परिसर यांसाठी एकच तिकीट त्याच दिवशी चालते. त्यामुळे ही दोन्ही ठिकाणे दोन दिवसांत विभागली तर तिकीट दोनदा काढावे लागेल. मला तो जादा खर्च दमछाकीपेक्षा परवडतो. तरुण मंडळींनी एका दिवसात उरकावे.

उजेड पाहून ठिकाणांची वेळ ठरवणे

आता कुठे प्रेक्षणीय स्थळांचे प्रकरण उघडावे. निसर्ग पाहायला जाणाऱ्याने प्रत्येक स्थळासमोर ‘सकाळ’, ‘दुपार’ किंवा ‘संध्याकाळ’ असे लिहावे. मार्गदर्शिकेत सूर्योदयाचा उल्लेख असेल तर काम सोपे होते, नसेल तर नकाशावर दिशा पाहून स्वतः ठरवता येते. बदामीचे भूतनाथ मंदिर अगस्त्य तीर्थाच्या पूर्व टोकाला आहे, म्हणजे मावळतीचे ऊन त्याच्या दर्शनी बाजूवर आणि मागच्या कड्यावर पडते. तांबडा वालुकाश्म त्या वेळी अक्षरशः पेटल्यासारखा दिसतो आणि त्याचे प्रतिबिंब तळ्यात उतरते. तिथे सकाळी गेलात तर देऊळ सावलीत आणि समोरून डोळ्यांवर ऊन. याउलट चारही लेणी आणि त्यांच्या पायऱ्या सकाळच्या गारव्यात उरकलेल्या बऱ्या, कारण दिवस चढला की दगड तापतो आणि माकडेही धीट होतात. हातात पिशवी किंवा खाऊ दिसेल असा ठेवू नये.

हंपीत सूर्योदयासाठी मातंग टेकडी आणि सूर्यास्तासाठी हेमकूट, ही प्रथा योग्यच आहे. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे मातंगावर असायचे तर होसपेटेहून साडेपाचच्या आत निघायला हवे. चढ दगडांचा आणि काही ठिकाणी अवघड आहे. घरातील ज्येष्ठांसाठी हेमकूट हाच चांगला पर्याय आहे : चढ सौम्य, खडकाचे पसरट पठार, जागोजागी लहान मंदिरे आणि विरूपाक्षाचे गोपुर अगदी समोर. अंजनाद्रीच्या पावणेसहाशेच्या घरातल्या पायऱ्या पाहता ज्यांचे गुडघे अटींच्या कागदावर लिहिले आहेत त्यांना तिकडे न नेणे बरे. त्यांना सणापूरच्या तळ्याकाठी बसवून बाकीच्यांनी वर जावे.

विठ्ठल मंदिरासाठी मात्र आपला, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाचा, वेळेचा हिशेब वेगळा असायला हवा. पुस्तिकेत त्या मंदिराबद्दल दगडी रथ आणि नाद देणारे खांब एवढेच असते. पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली गेली आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी ती परत आणली, ही वारकरी परंपरेतली कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ती ठाऊक असणाऱ्याला तिथे अर्ध्या तासात उरकावेसे वाटणार नाही. अशी आपल्या घरातून आलेली माहिती मार्गदर्शिकेच्या समासात लिहून ठेवावी आणि त्या ठिकाणाला दुप्पट वेळ द्यावा. वाहनतळापासून मंदिर सुमारे किलोमीटरभर आत असून ज्येष्ठांसाठी बॅटरीवरच्या गाड्या असतात.

तिकिटे आणि दूरध्वनी

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणून निघण्याच्या तारखेपासून मागे मोजून तो दिवस कॅलेंडरवर लिहावा आणि दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल तर त्याच सकाळी तिकिटे काढावीत. परतीचे आरक्षण परतीच्या तारखेपासून मोजले जाते, त्यामुळे ते काही दिवसांनी उघडते. ही गोष्ट सहज विसरली जाते आणि मग जायचे तिकीट पक्के, यायचे प्रतीक्षायादीत, अशी अवस्था होते. या मार्गावरची पंढरपूर-म्हैसूर गोलगुंबज एक्स्प्रेस सोलापूर, विजयपूर आणि बदामीवरून जाते. याच मार्गाने हंपीकडे जाणाऱ्या इतर गाड्यांच्या वेळाही ताडून पाहाव्यात आणि बदामीला अपरात्री उतरवणारी गाडी टाळावी, कारण स्थानकापासून गाव दूर आहे. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना विजयपूरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि पुढे ५० असा होसपेटेपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरचा चांगला रस्ता आहे.

तिकिटे पक्की झाली की त्याच दिवशी खोल्यांसाठी दूरध्वनी करावेत. विचारायचे प्रश्न आधी लिहून घेतले की बोलणे थोडक्यात होते. साधारण असे बोलावे : “नमस्कार री, सोलापूरहून बोलतोय. शनिवारी आणि रविवारी रात्री दोन खोल्या हव्यात. आम्ही पाच जण आहोत, आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. एक खोली तळमजल्यावर मिळेल का? गरम पाणी सकाळी किती वाजता सुरू होते? स्टेशनवरून रिक्षा मिळते की तुम्ही गाडी पाठवता? दर सांगितलात तो कर धरून की वेगळा? आणि काही कारणाने येणे रद्द झाले तर आगाऊ रक्कम परत मिळते ना?” समोरच्याचे उत्तर लगेच मार्गदर्शिकेच्या झेरॉक्सवर, त्या हॉटेलच्या नावाशेजारी, तारखेसह लिहावे. सोलापुरात अनेक घरांत कन्नड बोलली जाते. अशा घरातल्या व्यक्तीने फोन केला तर बोलणे अधिक मोकळे होते, आणि गाडीच्या भाड्याची घासाघीसही.

भाड्याच्या गाडीचा करार करताना ‘बदामी दर्शन’ किंवा ‘हंपी दर्शन’ अशा ठोक शब्दांवर विसंबू नये. कोणकोणती ठिकाणे, किती तास, किती किलोमीटर, चालकाचा भत्ता आणि वाहनतळाचे पैसे कोणाकडे, हे व्हॉट्सअॅपवर लेखी घ्यावे.

तयार वेळापत्रक कसे दिसते

वर सांगितलेल्या पायऱ्यांतून गेल्यावर बदामी-हंपीचा आराखडा साधारण असा उतरतो. शनिवारी सोलापूरहून रेल्वेने बदामी, सामान खोलीत टाकून संध्याकाळी अगस्त्य तीर्थाचा काठ आणि भूतनाथ. रविवारी सकाळी लेणी, नंतर संग्रहालय, दुपारी विश्रांती, उन्हे कलल्यावर बनशंकरी. देवळाच्या परिसरात बायका टोपल्यांत ज्वारीच्या भाकऱ्या, भाजी, चटणी आणि दही घेऊन बसतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेल्या सोलापूरकराला तिथे परके वाटणार नाही. रविवारी रात्री आवराआवर.

सोमवारचा दिवस गाडीचा. सकाळी लवकर मलप्रभेच्या काठचे पट्टदकल, मग ऐहोळे, तिथून अमीनगडमार्गे इलकल आणि कुष्टगीवरून होसपेटे, असा सगळा मिळून दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास. अमीनगडचा करदंट, म्हणजे डिंक आणि सुक्यामेव्याची मिठाई, घेण्यासाठी थांबावे. इलकलला साड्यांच्या दुकानात किती वेळ जाईल याचा अंदाज कोणतीही मार्गदर्शिका देऊ शकत नाही, तेव्हा तिथे घड्याळ बघूनच आत शिरावे. मंगळवारी पहाटे मातंग किंवा निवांतपणे विरूपाक्ष, दुपारी जेवण आणि विश्रांती, तीननंतर विठ्ठल मंदिर आणि सूर्यास्ताला हेमकूट. बुधवारी सकाळी राजवाड्याकडचा गट व कमलापूरचे संग्रहालय, दुपारनंतर आनेगुंदीकडचा काठ किंवा दरोजीचे अस्वल अभयारण्य, यांपैकी एकच. दरोजीत निरीक्षण मनोऱ्यावरून दुपार उतरताना अस्वले दिसतात, सकाळी तिकडे जाण्यात अर्थ नाही. गुरुवारी परत.

या आराखड्यात विजयपूर नाही, हे मुद्दाम केले आहे. गोलगुंबज वाटेत लागतो म्हणून मध्येच उतरून पाहण्याचा मोह होतो, पण सामान आणि मुले घेऊन ती धावपळच होते. विजयपूर सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर आहे. पहाटे निघून शाळांच्या सहली येण्याआधी प्रतिध्वनीची गॅलरी गाठली तर एका दिवसात ते उत्तम पाहून होते. वेळापत्रक पूर्ण झाले की अटींचा कागद शेजारी ठेवून दोन्ही पुन्हा ताडून पाहावेत, आणि ज्या ठिकाणासमोर घरातल्या कोणाचेही नाव येत नाही ते गाळावे. रोज निदान दोन तास कशालाही न दिलेले असावेत. खर्चाच्या अंदाजात दहापैकी एक हिस्सा मोकळा ठेवावा, बाकी हिशेब घराघराचा वेगळा.

धोक्यांचे प्रकरण निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवावे. तुंगभद्रेच्या पात्रात पोहणे धोक्याचे आहे. प्रवाह वरून शांत दिसतो, खडकांत ओढ असते आणि धरणातून पाणी केव्हा सोडले जाईल याचा काठावरून अंदाज येत नाही. सणापूरच्या तळ्याबाबतही तोच नियम पाळावा. खडकाळ टेकड्यांवर अंधार पडल्यावर रेंगाळू नये. टोपी, पाण्याची बाटली, पकड असलेले बूट आणि पहाटेच्या गारठ्यासाठी एखादी सोलापुरी चादर, एवढे बरोबर असले की बाकीचे तिथे मिळते.

मार्गदर्शिकेतील दुरुस्ती

विकिव्हॉयेज वापरलेल्यांना एक काम उरते. प्रवासात झेरॉक्सवर ज्या दुरुस्त्या लिहिल्या गेल्या, उदाहरणार्थ बदललेले तिकीट, बंद झालेली खानावळ, नवी बसफेरी, त्या परतल्यावर आठवडाभरात लेखात घालाव्यात. त्यासाठी खाते उघडणे सक्तीचे नाही. लेखातील संबंधित विभागाच्या संपादनावर जाऊन आकडा बदलायचा आणि अद्ययावत केल्याचा महिना व वर्ष नोंदवायचे. स्वतः पाहिलेले किंवा विचारून खात्री केलेले तेवढेच लिहावे. ओळखीच्या लॉजची जाहिरात तिथे टिकत नाही, इतर संपादक ती काढून टाकतात. रिक्षावाल्याचा किंवा वाटाड्याचा खासगी क्रमांक त्याला विचारल्याशिवाय देऊ नये. पायऱ्यांची संख्या, कठड्याची सोय, व्हीलचेअर कुठपर्यंत जाते, स्वच्छतागृह कुठे आहे, सकाळी पहिला चहा किती वाजता मिळतो, या नोंदी लेखांत सर्वांत कमी सापडतात, म्हणून त्या आधी भराव्यात.